वर्णद्वेषावरचा कुठला पिक्चर लावला तर लोक खरंच बोलतील?

मृद्गंध:
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पिक्चर लावतो आणि मग तासभर गप्पा, तीसेक लोक येतात, बरेचसे रिटायर झालेले आणि काही कॉलेजची पोरं. ह्यावेळी 'ग्रीन बुक' लावला. १९६२ सालचा ब्लॅक पियानोवादक डॉन शर्ली, त्याचा गोरा ड्रायव्हर, दक्षिणेकडच्या राज्यांचा दौरा, पाहिला असेलच तुम्ही. सगळ्यांना जाम आवडला, दोघातिघांच्या डोळ्यात पाणी पण आलं. मग मी विचारलं बोला काय वाटलं, तर "छान होता", "दोघांनी काम मस्त केलंय", "तेव्हा किती वाईट होतं ना सगळं". संपलं! दहा मिनिटात चहा पिऊन सगळे घरी. मला फार चुटपुट लागलीय, एवढा मोठा विषय आणि कोणालाच काही टोचलं नाही? माझं चुकलं की पिक्चरच तसा आहे? पुढच्या वेळी काय लावू?

उंबरठा२२:
तुमचं नाही हो चुकलं. शेवटी नाताळच्या रात्री सगळं गोडच होतं त्यात, मग बोलायला उरतं काय. आणि गोष्ट कोण सांगतंय ते बघा ना, लेखकांमधला एक जण त्या ड्रायव्हरचा मुलगाच आहे, शर्लीच्या घरचे तर उघड नाराज होते. मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. ज्या पुस्तकाचं नाव पिक्चरला दिलंय ते पुस्तक त्यात जेमतेम दिसतं. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा हार्लेममध्ये राहणारा पोस्टमन होता, त्याने १९३६ पासून ब्लॅक प्रवाशांसाठी ते गाइड काढलं, कुठल्या गावात आपल्याला खोली मिळेल, जेवायला कोण देईल, केस कोण कापेल, पेट्रोल कुठे भरू देतील. गावाला निघताना आपण तिकीट आणि डबा बघतो, त्यांना हे बघायला लागायचं, आणि हे तीसेक वर्षं चाललं. ह्या एका पुस्तकावर तुमचा तास पुरला नसता.
२०१९ ला ह्याला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर. १९९० ला 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला, त्यात पण गाडी, ड्रायव्हर आणि हळूहळू जुळत गेलेली मैत्री. त्याच वर्षी स्पाइक ली ह्या ब्लॅक दिग्दर्शकाच्या 'डू द राइट थिंग'ला बेस्ट पिक्चरचं साधं नॉमिनेशन पण नव्हतं. तोच लावा.

जर्सीकर_आई:
+१. ब्रुकलिनमधली एक गल्ली, वर्षातला सगळ्यात गरम दिवस, इटालियन मालकाचं पिझ्झाचं दुकान. गिऱ्हाईक बहुतेक ब्लॅक पण भिंतीवर फोटो फक्त इटालियन लोकांचे, तिथून ठिणगी पडते आणि रात्रीपर्यंत पोलीस रेडिओ रहीम नावाच्या पोराचा गळा आवळून जीव घेतात, मग मूकी, जो त्याच दुकानात कामाला असतो, तो कचऱ्याचा डबा उचलून काचेवर घालतो आणि दुकान पेटतं. आम्ही चार मराठी कुटुंबांनी आमच्याकडे एकत्र बघितला आणि रात्री एक वाजेपर्यंत वाद, हे म्हणत होते की काही झालं तरी दुकान जाळणं चूकच, त्या माणसाने पंचवीस वर्षं कष्ट केलेत वगैरे. शेवटी माझी मुलगी म्हणाली, बाबा तुम्ही सगळे मघापासून दुकानाबद्दलच बोलताय, जो मेला त्याचं नाव पण कोणी काढलं नाही. कोणालाच काही बोलता येईना. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.
पिक्चर १९८९ चा, आणि २०१४ ला न्यूयॉर्कमधल्याच स्टेटन आयलंडला एरिक गार्नर नावाचा ब्लॅक माणूस तसाच गेला, पोलिसाचा हात गळ्याभोवती.

पारावरचा:
'गेट आउट' पण चालेल, पण शेवटी पोलिसांसारख्या लाइटची गाडी येते ना, तिथेच पॉज करा आणि विचारा की आता तर हा ब्लॅक हिरो वाचला पाहिजे, मग आपल्या पोटात गोळा का आला? बास, तासभर पुरेल.
आणि मूकीचा तो डबा बघून मला 'फँड्री'तला जब्याचा शेवटचा दगड आठवतो, थेट आपल्याकडे येणारा.

शेवंती_७:
पारावरचा, दगडाचं अगदी बरोबर. फक्त जात आणि वंश एकच असं समजून बोलायला नको, दोन्हीकडचं दुःख वेगवेगळं नीट बघायला हवं. पण नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं, आणि १९७२ च्या दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच आलं. मृद्गंध, अर्पणपत्रिका आधी वाचून दाखवा आणि मग पिक्चर लावा, "तेव्हा तिकडे वाईट होतं" असं म्हणून कोणाला उठता येणार नाही.

मृद्गंध:
मनापासून आभार सगळ्यांचे. 'डू द राइट थिंग' ठरला, अर्पणपत्रिका मीच वाचणार. एक सांगते, परवा कमिटीतल्या एका काकांना हे सगळं दाखवलं, तर ते जरा वेळाने म्हणाले की त्यांच्या बिल्डिंगमध्ये एका नायजेरियन मुलाला फ्लॅट द्यायचा नाही असं मीटिंगमध्ये ठरलं होतं आणि त्यांनीही हात वर केला होता. हे त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलाल का विचारलं, विचार करून सांगतो म्हणालेत.
आता एकच, शिव्या भरपूर आहेत त्यात, तर दहावीतल्या मुलांना बसवू का? आणि मराठी नाही तर निदान हिंदी सबटायटल्स कुठे मिळतील?