होडीवरच्या वॉकीटॉकीला परवाना हवाच कशाला?

तांडेल_देवगड:
ऑनलाइन दोनेक हजारांत पाच वॅटचा चिनी सेट मिळतो. पण १९३३च्या वायरलेस कायद्यापासून सूत्र एकच, परवानगीशिवाय सेट बाळगायचा नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही ते सोडलेलं नाही. परवान्यातून सूट आहे ती ४४६ मेगाहर्ट्झच्या अर्ध्या वॅटच्या खेळण्याला. किनारा दिसेनासा झाला की मोबाइल मुका होतो, मग बाजूच्या होडीला हाक मारायची कशी? छोट्या होड्यांना सरसकट सूट द्या.

जुना_रेडिओवाला:
सरसकट? हे स्वस्त सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलतात, म्हणजे समुद्री रेडिओच्या सोळा नंबर चॅनलवरही (१५६.८). ती बुडणाऱ्याची हाक ऐकण्याची जागा. हे सेट एफएम पद्धतीने बोलतात, त्यात दोन आवाज मिसळून येत नाहीत, जवळचा जोरदार सिग्नल लांबच्या बारीक सिग्नलला गिळून टाकतो. तुमच्या पोराच्या हाताखाली बटण दाबलेलं राहिलं, तर शेजारच्या होडीला लांबची हाक ऐकूच येणार नाही. तुम्हालाही नाही, कारण बटण दाबलेलं असताना आपलाच सेट बहिरा असतो.
आणि वॅटांचं कौतुक पुरे. दोन्ही सेट पाण्यापासून दोन मीटरवर असतील, तर क्षितिजापलीकडे सिग्नल जात नाही. जेमतेम ११-१२ किलोमीटर. दोन्ही होड्यांवर नऊ मीटर उंच अँटेना चढवा, २५ पर्यंत जाईल.

मिरकरवाडा_७:
२००८ला ‘कुबेर’ ट्रॉलर पळवून अतिरेकी मुंबईत शिरले. त्यानंतर किनाऱ्यावर मोकळीक मागणं म्हणजे कमालच.

तांडेल_देवगड:
त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन होता, भाऊ. त्यांनी परवान्याचा अर्ज केला होता का? कागदाचा धाक फक्त आम्हाला.

हौशी_वेंगुर्ला:
‘हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा द्या’ असा सल्ला कुणी देण्याआधी सांगतो: हौशी परवान्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही, मासळीचा भावसुद्धा नाही. २०२५च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने फ्रिक्वेन्सी आणि परवाना लागतो की नाही हे दाखवायलाच हवं. आधी त्यांना धरा, मग खलाशाला.

तांडेल_देवगड:
हेच म्हणतोय! सोळा नंबर मोकळा राहावा हे कोण नाकारतंय? पण कागद काढला म्हणून बडबड थांबते का?

मालवणी_बाय:
थांबना नाय, पण कोण बडबडता ता कळता. परवान्यावर कॉल साइन, म्हणजे सेटाचा वळखीचा नाव, असता. आमच्या घोवान मोठ्या बोटीर रीतसर सेट बसवलो, नावान हाक मारतत.

तांडेल_देवगड:
मग तो कॉल साइन बंदरातच द्या. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात, नोंदणीची शिबिरं तेव्हा लावा.

जुना_रेडिओवाला:
शिबिराला हरकत नाही. सोबत दोन तास सेट कसा वापरायचा तेही शिकवा, आणि सरसकट सूट हे शब्द धाग्यातून काढा.

तांडेल_देवगड:
शब्द राहणार.