पणजीचे जुने ग्रंथालय : वाचकांचे अनुभव

पणजीचे सरकारी ग्रंथालय १८३२ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु यांच्या कारकिर्दीत सुरू झाले आणि पुढे ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त झाल्यावर मठांतील ग्रंथांची त्यात भर पडली. आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था २०१२ पासून पणजीतल्याच पाटो भागातील नव्या इमारतीत आहे. आझाद मैदानाजवळच्या जुन्या वास्तूत ज्यांनी वाचन केले, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

म्हापसा, निवृत्त शिक्षिका :
पोलीस मुख्यालय त्याच लांबलचक वास्तूत असल्यामुळे, मी रोज तिकडे कशाला जाते, असा प्रश्न आमच्या एका नातेवाइकांनी वडिलांना गंभीरपणे विचारला होता. शेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कुलासु यांनी १९३५ मध्ये रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग आहेत. पोर्तुगीज येत नसल्याने मी ती कथा आधी भिंतीवर पाहिली आणि मराठीतून फार उशिरा वाचली. वास्को द गामाचे ते गौरवगान मला आजही पटत नाही. तरीही त्या लाटांचे रेखाटन अप्रतिम आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

डिचोली :
मी गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, यासाठी झालेल्या जनमत कौलावरील निबंधासाठी १९६७ च्या जानेवारीतील अंक पाहायला गेलो होतो. विलीनीकरणाचा कैवार घेणारा 'गोमन्तक' आणि त्याला कडाडून विरोध करणारा 'राष्ट्रमत', ही दोन्ही दैनिके मराठीच. त्यांच्या बांधीव फायली मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा एकाच दिवसाच्या बातम्या दोन वेगळ्या प्रांतांतल्या वाटत होत्या. कडांचे तुकडे पडत असल्याने तेथील कर्मचाऱ्याने प्रत्येक पान दोन्ही हातांनी उलटायला लावले. निकाल ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला, हे मला आधीच ठाऊक होते. पण घराघरांत त्यावरून किती कटुता आली असेल, याची कल्पना मला त्या अग्रलेखांच्या भाषेवरून आली.

फोंडा :
जुन्या वास्तूविषयीचा जिव्हाळा मी समजू शकतो, परंतु गोव्याच्या पावसाळ्यात कागद सादळतोच आणि दुर्मीळ ग्रंथांना नियंत्रित हवा लागते. शिवाय माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. पाटोला ती लिफ्टने वर जाते आणि दिवाळी अंक घेऊन दुपारपर्यंत बसते.