हृदय पुन्हा सुरू झाल्यानंतर: विसर, थकवा आणि मेंदूविषयीचे अनुभव

हृदयक्रिया अचानक बंद पडली की काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवले नाही, तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग प्राणवायूच्या तुटवड्यापुढे विशेष नाजूक ठरतो; त्यामुळे वाचलेल्या माणसाचे बोलणे-चालणे पूर्ववत दिसले, तरी विसरणे, लक्ष न लागणे आणि विलक्षण थकवा मागे राहू शकतो. हृदयाच्या तपासण्या नेमाने होतात, मेंदूची विचारपूस मात्र बरेचदा राहूनच जाते. ज्यांनी हे स्वतः किंवा घरात सोसले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पत्नी
माझे यजमान जुने प्रसंग बारकाव्यांसह सांगत, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना त्यांची स्मरणशक्ती शाबूत वाटे. पण नुकतीच घेतलेली गोळी ते पुन्हा मागत. बेरीज करताना कोणी हाक मारली, की पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागे आणि मग चिडचिड होई, जी घरच्यांना स्वभावातला बदल वाटत होती. मेंदूविकारतज्ज्ञांनी स्मरण व विचारक्षमता तपासणारी मॉन्ट्रिअल चाचणी घेतली, तेव्हा घड्याळाचे चित्र त्यांनी नीट काढले, मात्र थोड्या वेळापूर्वी सांगितलेल्या पाच शब्दांपैकी एकच आठवला. दुखणे नेमके कुठे आहे, ते त्या दिवशी आम्हांला कळले. मग वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा, वहीत खूण करणे आणि एका वेळी एकच काम, अशी घडी बसवली. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा झपाट्याने झाली, पुढे ती मंदावली. त्यांचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला मी अजूनही रात्री उठते.

स्वतः रुग्ण
त्या दिवसाचे मला काहीही आठवत नाही. दोघे एकदम बोलू लागले, की माझे डोके शिणते आणि निजावे लागते. हा आळस नव्हे, एवढे घरच्यांनी समजून घेतले आणि मला फार मोठा आधार मिळाला.

मुलगा
वडिलांचा हात मांडीवर स्वस्थ असे, पण पेला ओठांशी नेऊ लागताच तो झटका देऊन उडे आणि पाणी अंगावर सांडे. भीतीमुळे असे होते, असे आधी सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो मेंदूला प्राणवायू कमी पडल्यानंतर हालचाल करताना झटके येण्याचा विकार, म्हणजे लान्स-अ‍ॅडम्स सिंड्रोम होता, ज्याचे वर्णन 1963 मध्येच झालेले आहे. बुद्धी तल्लख होती, हालचाल ऐकत नव्हती. योग्य औषधांनी झटके पुष्कळ कमी झाले.

पुनर्वसन विभागातील कर्मचारी
2021 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार घरी सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्मरण व विचारक्षमता, मनःस्थिती आणि थकवा यांची तपासणी व्हावी आणि जवळच्या नातेवाइकांनाही त्यात सामील करून घ्यावे. वर लिहिणाऱ्या ताईंनी स्वतःच्या झोपेविषयीही पुढच्या भेटीत डॉक्टरांशी अवश्य बोलावे. यजमान कामावर परतणार असतील, तर आधी थोडे तास ठरवून घ्यावेत आणि वाहन चालवण्याबाबत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.