‘टिनेशस’ म्हणजे हट्टी नव्हे

इंग्रजीतल्या ‘टिनेशस’ (tenacious) आणि ‘ऑब्स्टिनेट’ (obstinate) या दोन्ही शब्दांना मराठीत ‘हट्टी’ चालेल, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. ‘ऑब्स्टिनेट’मध्ये दोष काढलेला असतो. चूक दाखवली तरी माणूस ऐकत नाही, म्हणजे आपला दुराग्रही किंवा हेकेखोर. ‘टिनेशस’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘धरणं’ हे क्रियापद आहे. हातातलं न सोडणारा, तो टिनेशस. म्हणून बुटाला चिकटून बसलेल्या चिखलालाही इंग्रजीत हे विशेषण लागतं. आपल्या ‘चिकाटी’तही चिकटणंच आहे की! मला तर ‘चिवट’ हा शब्द त्याहून जवळचा वाटतो, कारण तो वेलीलाही चालतो आणि माणसालाही. गंमत म्हणजे त्याच लॅटिन धातूपासून आलेला ‘पर्टिनेशस’ (pertinacious) मात्र बऱ्याचदा नको तितकं मागे लागणाऱ्याला वापरतात.

याच अर्थाच्या जवळचा ‘डॉगेड’ (dogged) राहिलाच. तो ‘डॉग’वरूनच आलाय, पण विशेषण असताना उच्चार दोन तुकड्यांत होतो, डॉ-गिड. पाठलाग केला या अर्थाचं क्रियापद असेल तर एका झटक्यात ‘डॉग्ड’. मोठ्यानं वाचताना इथे हमखास चूक होते. ‘डॉगेड’मध्ये चमक नाही, उत्साहही नाही, मान खाली घालून रेटत राहणं आहे. पाचव्या दिवशी सामना वाचवायला दोन सत्रं नुसते चेंडू अडवणाऱ्या फलंदाजाची खेळी ‘डॉगेड’. तिला ‘जिद्दीची’ म्हणता येईल, पण ‘चिवट खेळी’ म्हटलं की नेमकं बसतं.