मदत हवी आहे: आईच्या पायरियासाठी ‘जीन थेरपी’ सांगताहेत, करावी का?

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत राहतो. आई ६३ वर्षांची, मधुमेह जुना. खालची डावीकडची दाढ जिभेने ढकलली तरी हलते. डॉक्टरांनी हिरडीच्या फटीत खुणांची बारीक सळई घातली तर ७ मिलिमीटर आत गेली. ३ पर्यंत चालतं म्हणे. एक्सरेत त्या दाढेच्या एका बाजूला हाड झिजून खड्डा पडलाय. सराफ्यात भाजलेला भुट्टा दातांनी सोलून खाणारी आई आता भुट्ट्याचा कीससुद्धा उजव्या बाजूनेच खाते. परवा ब्रशला रक्त लागलं, तर कुणी बघायच्या आत धुऊन ठेवला. मला ते फार लागलं.

एका खासगी दवाखान्यात म्हणाले, “पेशीत जीन (जनुक) सोडतो, हिरडी आणि हाड दोन्ही परत येतील.” दीड लाख रुपये. लेखी मागितलं तर रंगीत पत्रक दिलं.

मी वाचलं ते असं: हाड भरून आणणारी पीडीजीएफ, बीएमपीसारखी प्रथिनं जखमेत नुसती लावली तर फार टिकत नाहीत. म्हणून त्या प्रथिनाचं जनुकच पेशीत पोचवायचं, म्हणजे पेशी काही दिवस ते स्वतः बनवत राहते. मिशिगन विद्यापीठात अडिनोव्हायरस या विषाणूच्या मदतीने हे उंदरांवर केलं, हाड वाढलंही. माणसाच्या हिरडीच्या पेशींवर प्रयोगशाळेत झालंय. पण १९९९ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एका आजारासाठी याच विषाणूतून जनुक देताना १८ वर्षांचा मुलगा गेला, हे वाचल्यापासून झोप उडाली आहे.

असा उपचार पैसे घेऊन देता येतो का? खरं-खोटं कुठे तपासायचं? आणि हे नको म्हटलं तर एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.६ असताना बोन ग्राफ्ट (खड्ड्यात हाडाची भर घालणं) करावं का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
मी वडोदऱ्याला हिरड्यांचीच प्रॅक्टिस करते. दीड लाख देऊ नका. हिरड्यांची जनुक-चिकित्सा अजून संशोधनातच आहे. खरोखर चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक आणि नीतिसमितीचं पत्र मागा. चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पुष्कळदा रुग्णाचंच रक्त यंत्रात फिरवून काढलेलं पीआरएफ (प्लेटलेटयुक्त जेलीसारखा थर) ‘जीन’ म्हणून खपवतात. पीआरएफ वाईट नाही, पण त्यात कुठलंही जनुक सोडलेलं नसतं.

तुम्ही लिहिलेला एका बाजूचा खड्डा ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. सगळीकडून सारखं खचलेलं हाड भरणं अवघड, खड्ड्यात ग्राफ्ट टिकून राहतं. मात्र आधी शुगर. खोल स्केलिंग (हिरडीखालची दातांची सफाई) आत्ताच करून घ्या, आईंच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून एचबीए१सी ७ च्या आसपास आणा, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सळईने मोजा. फ्लॅप उघडायचा (हिरडी बाजूला करून शस्त्रक्रिया करायची) की नाही ते तेव्हा ठरवा. तोवर आईंना सांगा, रक्त आलं तरी ब्रश सोडायचा नाही, आणि लपवायचं तर मुळीच नाही.