'व्हेअर'मधून निसटणाऱ्या ओळी
डेटाबेसमधून माहिती मागवायच्या एसक्यूएल भाषेत क्वेरी (म्हणजे मागणी) लिहिताना 'सिलेक्ट'पुढे नुसता स्टार, म्हणजे 'सगळे कॉलम', न टाकता हवे तेवढेच कॉलम लिहा, असं सांगतात ते अगदी बरोबर. पण नवशिक्यांना त्याहून जास्त 'नल', म्हणजे न भरलेली रिकामी जागा, रडवतो. आमच्या वाचनालयाच्या सभासदांच्या टेबलात ४१२ नोंदी. 'व्हेअर'मध्ये, म्हणजे ओळी निवडायच्या अटीत, शहर = 'पुणे' लावलं तर २९० आल्या, शहर <> 'पुणे' (म्हणजे पुणे नसलेले) लावलं तर ९७. मग २५ गेल्या कुठे? तासभर शोधलं. त्यांचं शहर भरलेलंच नव्हतं!

नलशी अशी तुलना केली की उत्तर खरं किंवा खोटं न येता 'अज्ञात' येतं, आणि 'व्हेअर' फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी देतं. म्हणून '= नल' लिहूनही हाती काही लागत नाही, 'इज नल'च लिहावं लागतं. दुसऱ्या क्वेरीला 'ऑर शहर इज नल' जोडलं, तेव्हा १२२ सभासद आले.