फुटबॉलच्या मैदानात बसावे कुठे: गोलजवळ की वरच्या मजल्यावर?

तापीकाठचा_मास्तर (भुसावळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न वरवर किरकोळ वाटेल, परंतु गेले पंधरा दिवस आमच्या घरात त्यावरूनच वाद चालू आहे, म्हणून येथे मांडतो. माझा धाकटा भाऊ रियाधला एका कारखान्यात नोकरीस आहे. ७ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२७ या काळात सौदी अरेबियात आशियाई चषक स्पर्धा होणार असून त्यासाठी त्याने मला आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाला आठ दिवसांकरिता बोलावले आहे. विमानाचे भाडे मी भरायचे आणि सामन्यांची तिकिटे त्याने काढायची, असे ठरले आहे. (शाळेच्या रजेचे मी पाहून घेईन, त्याविषयी सल्ला नको.) भारतीय संघ या वेळी पात्र ठरलेला नाही, याचे वाईट वाटते, पण मुलाला खरा मोठा सामना डोळ्यांनी पाहायचा आहे आणि खरे सांगायचे तर मलाही.

आजवर मी फुटबॉल पाहिला तो रेल्वेच्या मैदानावर, सायकलच्या कॅरिअरवर उभे राहून, किंवा दूरचित्रवाणीवर. २०२२ च्या विश्वचषकातील साडेबारा वाजता सुरू होणारे सामने तर मी सासुरवाडीच्या शेतात, हरभऱ्याला रात्रीचे पाणी भरता भरता, मोबाइलवर पाहिले आहेत. त्यामुळे मोठ्या स्टेडियममध्ये नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, याची मला कल्पना नाही.

आमच्या आबांचे म्हणणे असे, की यात्रेतील कुस्तीच्या दंगलीत जो आखाड्याच्या कडेला बसतो त्यालाच पकड दिसते, मागच्यांना नुसती धूळ दिसते. तेव्हा जायचेच असेल तर पैसे जास्त मोजा, पण गोलच्या मागे पुढच्या रांगेत बसा. भाऊ म्हणतो, की वरची स्वस्त जागा घेऊ आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक सामना पाहू. ज्यांनी अशी मोठी स्पर्धा प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांनी कृपया सांगावे, की आबा बरोबर आहेत की भाऊ?

केळीच्या_बागेतून (रावेर)

मास्तर, आबांना नमस्कार सांगा, पण या बाबतीत मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे. आखाडा लहान असतो आणि त्यात दोनच माणसे असतात. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, त्यावर बावीस माणसे, आणि त्यांतील एकवीस जणांजवळ कोणत्याही क्षणी चेंडू नसतो. दूरचित्रवाणी आपल्याला चेंडू दाखवते. त्या एकवीस जणांपैकी निम्मे चौकटीच्या बाहेरच राहतात. स्टेडियममध्ये जाण्याचा खरा लाभ म्हणजे ती बाहेर राहिलेली माणसे दिसणे, आणि ती दिसतात वरून.

मी २०२२ साली कतारला गेलो होतो. बाहेरदेशच्या प्रेक्षकांसाठी साखळी सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट २५० रियाल, म्हणजे त्या वेळचे साधारण साडेपाच हजार रुपये होते, तर पहिल्या श्रेणीचे ८०० रियाल. मी अर्थातच २५० चे घेतले. २२ नोव्हेंबरचा अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया हा सामना लुसैल स्टेडियममध्ये दुपारी एकला होता आणि माझी जागा इतकी वर, इतक्या कोपऱ्यात होती, की पायऱ्या चढताना मला मनुदेवीच्या डोंगराची आठवण झाली. खेळाडूंचे चेहरे ओळखू येणे शक्यच नव्हते. मेस्सी ओळखला तो त्याच्या चालण्यावरून, कारण इतर सगळे धावत असताना तो चालत होता.

पण पहिल्या पंधरा मिनिटांतच एक गोष्ट लक्षात आली. सौदीचे बचावपटू आपल्या गोलजवळ न थांबता जवळजवळ मध्यरेषेपर्यंत पुढे येऊन उभे राहत होते आणि चौघे जणू एकाच दोरीला बांधल्यासारखे पुढेमागे सरकत होते. त्यांच्या पाठीमागे केवढे तरी मोकळे रान पडलेले. अर्जेंटिनाचे खेळाडू त्या रानाच्या मोहात पडून धाव घेत आणि दर वेळी सहायक पंचाचे निशाण वर होई, म्हणजे ऑफसाइड: साथीदाराने चेंडू मारला त्या क्षणी पुढचा खेळाडू बचावपटूंच्याही पलीकडे गेलेला. पेनल्टीवर मेस्सीने पहिला गोल केल्यानंतर पूर्वार्धातच अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल ऑफसाइड ठरले, एक मेस्सीचा आणि दोन लाउतारो मार्टिनेझचे. कोण किती बोटे पुढे होता हे माझ्या जागेवरून सांगता येणे शक्य नव्हते. ते काम यंत्राने केले आणि मोठ्या पडद्यावर दाखवले. परंतु ती दोरी मात्र मला सबंध वेळ दिसत होती. उत्तरार्धात अल-शेहरी आणि अल-दौसारी यांनी पाच मिनिटांत दोन गोल करून सामना २-१ असा फिरवला. माझ्या भोवतालची हिरव्या सदऱ्यांतील माणसे एकमेकांच्या अंगावर कोसळली, एका वृद्ध गृहस्थांनी मला, एका अनोळखी रावेरकराला, मिठी मारली, आणि दुसऱ्या दिवशी सौदीत सार्वजनिक सुट्टी जाहीर झाल्याचे कळले. घरी आल्यावर मी तोच सामना पुन्हा चित्रफितीवर पाहिला, तेव्हा गोल स्पष्ट दिसले, दोरी मात्र कुठेच दिसली नाही.

बसण्याइतकीच चालण्याची तयारी ठेवा. स्थानकापासून फाटकापर्यंत, फाटकापासून तपासणीपर्यंत आणि तेथून जागेपर्यंत मैलोगणती चालणे होते, आणि सामना संपल्यावर तितकेच उलट. दोहात सामन्याच्या तिकीटधारकांना मेट्रो फुकट होती आणि वाटेवर उंच खुर्चीत बसलेली पोरे हातात फोमचे मोठे बोट धरून ‘मेट्रो धिस वे’ असे गात असत, तरीही स्थानकाच्या दारात शिरायला आम्हांला पाऊण तास लागला. आणि सामना नव्वद मिनिटांत संपेल, या हिशेबाने परतीचे काही ठरवू नका. त्याच स्पर्धेत इंग्लंड-इराण सामन्याच्या एका पूर्वार्धालाच चौदा मिनिटे वाढवून दिली होती.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

केळीवाल्या दादांचे म्हणणे पटते, पण अर्धेच. मी कतारला गेलेलो नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याकडे झाला तेव्हा २५ ऑक्टोबरचा माली-स्पेन उपांत्य सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पाहिला. आम्ही चौघे मित्र सकाळच्या गाडीने निघून कल्याण-ठाणेमार्गे नेरूळला उतरलो होतो आणि योगायोगाने गोलच्या मागे अगदी खालच्या रांगांत जागा मिळाली होती.

खालून मैदानाचा नकाशा दिसत नाही, हे खरे आहे. पलीकडच्या गोलजवळ काय चालले आहे, ते तर अजिबात कळत नाही. त्या सामन्यात स्पेन २-० ने पुढे असताना मालीच्या एका खेळाडूने लांबून मारलेला चेंडू आडव्या दांडीला लागून रेषेच्या आत पडला आणि बाहेर आला, पण पंचांनी गोल दिला नाही. हे मी तुम्हांला आज सांगू शकतो, कारण दोन मिनिटांनी चाळीसगावहून भावाचा फोन आला, की अरे, तो गोल होता, येथे तीनदा दाखवला. मी शंभर मीटर अंतरावर प्रत्यक्ष हजर होतो आणि मला काहीच दिसले नव्हते! तेथे तेव्हा व्हिडिओची मदत घेणारे पंचही नव्हते. स्टेडियममध्ये बसणाऱ्याने हे गृहीतच धरावे, की काही गोष्टी त्याला घरी बसलेल्यांकडून कळणार आहेत.

तरीही पुन्हा संधी मिळाली तर मी खालीच बसेन. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज, गोलरक्षकाचे सतत ओरडणे, घसरून अडवताना गवत फाटल्याचा आवाज, हे वरच्या मजल्यावर पोहोचत नाही. उत्तरार्धात स्पेन आमच्या बाजूच्या गोलवर चाल करीत होता आणि फेरान तोरेस नावाच्या पोराने तिसरा गोल आमच्यासमोर केला. त्या वेळी ते नाव आम्हांला ठाऊकसुद्धा नव्हते. पाच वर्षांनी कतारमध्ये कोस्टारिकाविरुद्ध त्याने दोन गोल केले तेव्हा मी घरात सगळ्यांना उठवून सांगितले, की याला मी हाकेच्या अंतरावरून पाहिला आहे. मास्तर, तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला बचावफळीची दोरी दिसणे महत्त्वाचे, की खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसणे?

तापीकाठचा_मास्तर (भुसावळ)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाद मिटण्याऐवजी वाढला आहे, कारण चिरंजीवांनी घामाच्या बाजूने मत दिले आहे आणि आबा ‘मी म्हणत नव्हतो?’ असे दिवसातून तीनदा ऐकवत आहेत. एक गोष्ट अजून विचारायची राहिली: लहान मुलाला घेऊन गेलेले येथे कोणी आहे काय?

पांझरेची_लेक (धुळे, सध्या दोहा)

मास्तर, मी गेले आहे. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोह्यात राहतो आणि मागील आशियाई चषक येथेच झाला, तेव्हा २३ जानेवारी २०२४ रोजी अल खोरच्या अल बैत स्टेडियममध्ये भारत-सीरिया सामन्याला दहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. बाहेरून ते स्टेडियम वाळवंटातील भल्यामोठ्या तंबूसारखे दिसते, आणि पहिला अर्धा तास मुलीने सामन्याकडे न पाहता छताकडेच पाहिले, हे आधी कबूल करते.

आता जागेविषयी. चाळीसगावच्या भाऊंनी घाम आणि आवाज यांचे वर्णन सुंदर केले आहे, परंतु त्यांच्या सामन्यात मालीचे किंवा स्पेनचे पाठीराखे फारसे नसावेत. जेथे एखाद्या संघाचे लोक हजारोंनी येतात, तेथे गोलच्या मागचा खालचा भाग हा बहुधा त्यांचाच असतो. ते ढोल, ताशे, झेंडे घेऊन येतात आणि पूर्ण सामनाभर उभे राहतात. पुढचा उभा राहिला की मागच्याला उभे राहावेच लागते, आणि अशा वेळी बारा वर्षांच्या मुलाला घाम नव्हे, फक्त समोरच्याची पाठ दिसते. आम्ही तिकीट काढताना याचा विचार केला नव्हता. आमच्या पुढे केरळची मंडळी होती, अतिशय प्रेमळ, पण एकही जण बसायला तयार नाही. शेवटी यजमानांनी लेकीला खांद्यावर घेतले, तर मागच्यांनी रास्त तक्रार केली. मध्यंतरानंतर स्वयंसेवकाला विनंती करून आम्ही बाजूच्या भागात, जरा वर, रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसलो आणि तेथून तिला सगळे दिसू लागले. ती सोय प्रत्येक ठिकाणी होईलच असे नाही.

तेव्हा माझे मत असे, की लांबीच्या बाजूला, मध्यरेषेच्या जवळपास, खालचा टप्पा संपून वरचा सुरू होतो तेथील पहिल्या काही रांगा पाहाव्यात, आणि जागा जिन्यालगतची घ्यावी. समोर फक्त कठडा येतो. तो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येत नाही ना, एवढे पाहून घ्या.

दुसरे असे, की भारत खेळत नसताना मुलाने कोणाच्या बाजूने ओरडायचे, हे भुसावळहून निघण्यापूर्वीच ठरवा. तटस्थ माणूस तिसाव्या मिनिटाला जांभया देऊ लागतो. आमच्या वेळी भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला आणि सीरियाने आपल्यावर एकमेव गोल ७६ व्या मिनिटाला केला, मुलगी रडली. पण त्या विजयामुळे सीरिया प्रथमच बाद फेरीत पोहोचला होता, आणि शेजारच्या खुर्चीतील सीरियन बाईही रडत होत्या. त्यांनी पर्समधून खजुराची पुडी काढून हिच्या हातावर ठेवली. ही आजही तो सामना ‘खजुराचा सामना’ म्हणूनच सांगते. त्याच स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेला ताजिकिस्तान उपांत्यपूर्व फेरीपर्यंत आणि जॉर्डन थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. असा एखादा संघ निवडा. मोठ्या नावांच्या मागे लागू नका.

आणि हो, जानेवारीत तिकडे रात्री चांगलीच थंडी पडते. आपल्याकडे सकाळी शेकोटी पेटवतो तेवढी समजा, त्यात वारा वेगळा. घरचा डबा आत नेऊ देतील या भरवशावर राहू नका. आम्ही दशम्या आणि ठेचा गाडीतच संपवून मग रांगेत उभे राहिलो होतो.

केळीच्या_बागेतून (रावेर)

ताईंनी सांगितलेली मधली जागा मला पूर्ण मान्य आहे. माझ्या कोपऱ्यापेक्षा ती कितीतरी चांगली. फक्त दुपारचा सामना असेल तर ऊन कोणत्या बाजूला येते ते आधी पाहा, कारण पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर संध्याकाळपर्यंत मुलाचा हात कपाळावरून निघणार नाही.

तापीकाठचा_मास्तर (भुसावळ)

भावाला आत्ताच कळवले. साखळीतील दोन सामने पाहायचे: पहिला ताईंनी सांगितल्याप्रमाणे मध्यरेषेजवळ, वरच्या टप्प्याच्या पहिल्या रांगांत, आणि दुसरा ज्या लढतीला फारशी गर्दी नसेल अशी पाहून गोलच्या मागे खाली, म्हणजे ढोलवाले नसतील आणि घामही दिसेल. आबांना हा दुसरा सामनाच सांगितला आहे. पहिल्याविषयी त्यांना परत आल्यावर सांगू. मुलाने जॉर्डन निवडला आहे, कारण विचारले तर सांगत नाही. आता पासपोर्टचे पाहतो, मुलाचा अजून काढायचाच आहे.